जयवंतीबाईंचा अंगठा

जयवंतीबाई गेल्या. दिवसपाणी आटोपल्यावर वसईतल्या गिरीज गावच्या समाज हॉलमध्ये त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलींनी लहानशी शोकसभा ठेवली आणि समोरचे शेजारी म्हणून हरिभाऊंना दोन शब्द बोलायला उभं केलं. हरिभाऊ उठले. चष्मा पुसला, घसा खाकरला आणि "मला त्यांच्याविषयी फारसं ठाऊक नाही," एवढं बोलून खाली बसले. लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. तसं काही नव्हतं. ते अगदी खरं बोलले होते.

बेचाळीस वर्षं दोन्ही घरं समोरासमोर. मध्ये एक जीप जेमतेम जाईल एवढी वाट. तरी जयवंतीबाईंचं माहेरचं नाव काय, त्या किती शिकल्या, त्यांना कशाची भीती वाटायची, हे हरिभाऊंना सांगता आलं नसतं. त्यांचे यजमान कृष्णा हे हरिभाऊंचे शाळासोबती, म्हणून त्या वहिनी. कृष्णा लवकर गेला. मागे राहिलेली राजेळी केळीची वाडी बाईंनी एकटीने राखली आणि दर उन्हाळ्यात सुकेळी केली. पिकलेली केळी सोलायची, बांबूच्या तट्ट्यांवर उन्हात मांडायची, रोज उलटायची, हलक्या हाताने दाबायची, संध्याकाळी पानांत झाकून ठेवायची. असं सात-आठ दिवस केलं की केळं मधाच्या रंगाचं होतं. हरिभाऊ ओटीवर पेपर वाचत बसत तेव्हा त्यांना बाईंची पाठच दिसे. थोडक्यात, त्यांना ओळख होती ती एका वाकलेल्या पाठीची.

आणखी एक गोष्ट त्यांना ठाऊक होती, पण ती वहिनींविषयी नव्हती, स्वतःविषयी होती. त्या बाईचा त्यांनी मनापासून मत्सर केला होता. हे शोकसभेत कोण सांगतं?

हरिभाऊंची नोकरी ठाण्याच्या रोजगार कार्यालयात झाली. चौतीस वर्षं. बेकार मुलं नाव नोंदवायला येत, हरिभाऊ कार्ड लिहीत. शिक्षण, जात, उंची, टंकलेखनाचा वेग. दर तीन वर्षांनी मुलं परत येत, कार्डावर नूतनीकरणाचा शिक्का पडे. काही मुलं शिक्क्याशिक्क्याने म्हातारी होत गेली. कुठल्या तरी खात्याची मागणी आली की ज्येष्ठतेनुसार नावं जात आणि त्यातल्या एखाद्याला नोकरी लागेही. पण तो पेढे वाटायचा आपल्या नव्या ऑफिसात. ठाण्याच्या तिसऱ्या मजल्यावर पेढा कधी चढला नाही.

गावात सुरुवातीला त्यांचा भाव मोठा. लोक नारळ, वेलची केळी, पडवळ घेऊन येत. "हरिभाऊ, पोराचं तेवढं बघा." हरिभाऊ घाबरून सांगत, "माझ्या हातात काही नसतं हो, सगळं यादीने चालतं." ते खरं होतं, पण कोणाला पटायचं नाही. पुढे पडवळ बंद झालं, मग बोलणंही कमी झालं. निवृत्त झाले तेव्हा गिरीजमधल्या एकाही माणसाला आपल्यामुळे नोकरी लागली असं छातीवर हात ठेवून त्यांना म्हणता येत नव्हतं. ती रुखरुख त्यांनी बायकोलाही कधी सांगितली नाही. पण सुनंदाताईंना ती ठाऊक असावी, कारण हरिभाऊ दर मार्च महिन्यात काय करतात हे त्या बघत होत्या.

मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प येई. पेपर आला की हरिभाऊ पेन्सिल घेऊन बसत. लोक सोनं, पेट्रोल बघतात. हे रोजगार आणि प्रशिक्षणाचा आकडा शोधत. मागल्या वर्षी किती, यंदा किती, सुधारित अंदाजात किती कापले, प्रत्यक्ष खर्च किती झाला. निवृत्तीनंतर चौदा वर्षं हा उद्योग चालू होता.

"तुमच्या खात्याला यंदा तरी जेवायला घातलं का?" सुनंदाताई विचारत.

"घातलंय. पण ताट फेब्रुवारीत वाढतात आणि एकतीस मार्चला उचलतात."

अशाच एका वर्षी त्यांच्या ध्यानात आलं की जिल्ह्याच्या आराखड्यात अल्पमुदतीच्या प्रशिक्षणासाठी ठेवलेला पैसा दरसाल परत जातो, कारण गावांकडून प्रस्तावच येत नाहीत. हरिभाऊंनी आयुष्यात आपणहून कधी काही लिहिलं नव्हतं. पण त्या पावसाळ्यात त्यांनी अकरा पानी प्रस्ताव लिहिला. गिरीजमध्ये फळप्रक्रियेचं केंद्र, पंचवीस मुली, साठ दिवस, उदाहरणादाखल सुकेळी. पैसा फेब्रुवारीत सुटतो आणि सुकेळ्यांचं ऊनही तेव्हाच पडतं, हा मुद्दा त्यांनी लाल शाईने अधोरेखित केला. सरकारी वर्ष आणि वसईचं ऊन जुळवून दाखवणारा आपण पहिलेच, असं त्यांना वाटलं. प्रस्ताव पालघरला दिला आणि पोच घेतली.

तीन वर्षांनी मंजुरी आली. हरिभाऊंनी इस्त्रीचा सदरा काढून ठेवला. केंद्राला कोणी तरी जाणता समन्वयक लागणारच. आपण मागायचं नाही, पण बोलावलं तर नाही म्हणायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

पालघरहून जीप आली ती हरिभाऊंच्या दाराकडे न वळता समोरच्या दारात थांबली. विनिता नावाच्या तरुण अधिकारीबाई उतरल्या आणि थेट जयवंतीबाईंच्या अंगणात गेल्या. सुकेळी कोण उत्तम करतं हे त्यांनी बाजारात विचारलं होतं. जयवंतीबाई तट्ट्यांपाशी बसल्या होत्या. त्यांनी हातही धुतले नाहीत. अर्ध्या तासात त्या केंद्राच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. केंद्र चालवायचं काम ज्या संस्थेला मिळालं होतं तिने समन्वयक म्हणून जीना नावाची चोवीस वर्षांची मुलगी पाठवली.

उद्घाटनाला शाल आणि नारळ जयवंतीबाईंना. हरिभाऊ दुसऱ्या रांगेत. भाषणात "स्थानिक ग्रामस्थांच्या मागणीवरून" असं एक वाक्य आलं. त्या ग्रामस्थांत आपण असू, असं त्यांनी धरून चालायचं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मध्ये वहिनी, डोक्यावरून पदर घेतलेल्या, कॅमेऱ्याकडे न बघता बाजूच्या तट्ट्याकडे बघणाऱ्या. हरिभाऊंनी तो फोटो चार वेळा पाहिला. आपलं कोपर कडेला आलंय की काय, ते बघितलं. नव्हतं आलं.

"चहा कडू झालाय का?" सुनंदाताईंनी विचारलं.

"नाही. का?"

"तोंड तसं झालंय म्हणून म्हटलं."

घरी बसवेना, म्हणून तिसऱ्या दिवशी हरिभाऊ केंद्रावर गेले आणि जीनाला म्हणाले, "नोंदवह्या ठेवायला कोणी हवं असेल तर मी येईन. मानधन नको."

"काका, तुम्ही देवासारखे आलात," जीना म्हणाली. "मला हे कागद बघूनच चक्कर येते." तिने कपाटाची किल्लीच त्यांच्या हातात दिली. सरकारी मार्गदर्शक सूचनांची पुस्तिका प्लास्टिकच्या वेष्टनातच होती. हरिभाऊंनी ती घरी नेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली.

केंद्र समाज हॉलमध्येच होतं आणि त्यांचं टेबल हॉलच्या दाराशी. तिथून मागचं अंगण दिसे. पंचवीस मुली तट्ट्यांभोवती बसत. गिरीजच्या काही, एव्हरशाईन सिटीतल्या दोघी-तिघी, आणि रोज दोन बस बदलून विरारच्या मनवेलपाड्याहून येणारी उन्नती. चाळीतल्या एका खोलीत तिला सुकवलेल्या फळांचा घरगुती धंदा करायचा होता. बँकेने सांगितलं होतं, प्रमाणपत्र आणा मग बोलू.

उन्नतीच्या हातात वही असे. "आजी, किती तापमान पाहिजे?"

"तापमान मला काय विचारतेस? केळं विचार."

"म्हणजे?"

"ये इकडे." वहिनींनी तिच्या कानाची पाळी धरली, मग सुकत आलेलं केळं तिच्या बोटांत दिलं. "पाळीसारखं लागलं की उलटायचं. नाकाच्या शेंड्यासारखं लागलं म्हणजे तू झोपली होतीस."

पंचवीस जणी हसल्या. मग सगळ्या आपापल्या कानाच्या पाळ्या चाचपत बसल्या. टेबलापाशी हरिभाऊंनी पुस्तिकेतलं प्रकरण चार उघडलं, त्यात आर्द्रतेचा तक्ता होता, आणि मान हलवली. पण त्यांचाही हात नकळत कानाकडे गेला होता. तो त्यांनी रागाने खाली घेतला.

मुली वहिनींसाठी काहीबाही आणत. एकीने घरचे पातोळे आणले, कोणी गजरा. कोणाचं लग्न ठरत होतं, कोणाची सासू छळत होती, सगळं तिथे बोललं जाई. हरिभाऊंना वाटे, आपण हजारो मुलांची उंची लिहिली, टंकलेखनाचा वेग लिहिला, पण एकाही मुलाने समोर बसून आपल्याला काही सांगितलं नाही. आणि ही बाई! हिला सहीसुद्धा थांबून थांबून करावी लागते. हिने सरकारला एक अर्ज केला नाही. जीप आपल्या चाकांनी हिच्या दारात आली.

हजेरीला अंगठ्याचं यंत्र होतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मुलींचे अंगठे लागत. जयवंतीबाईंचा लागेना. घड उतरवताना, पानं कापताना केळीचा चीक बोटांना लागतो आणि काळा पडतो, आणि त्यांच्या अंगठ्यावर तो पन्नास वर्षं बसला होता. वरच्या रेषा तट्ट्यांनी घासून सपाट केल्या होत्या. यंत्र दर वेळी लाल दिवा लावी.

"सर्व्हर डाऊन असेल," जीना म्हणे. "बाय, जाऊ द्या. तुम्ही तर समोर दिसताय ना!"

हरिभाऊंना ठाऊक होतं की सर्व्हरला काही झालेलं नाही. पुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं. ज्याचा अंगठा उमटत नाही, त्याची हजेरी हाताने भरायची, दोन प्रशिक्षणार्थींच्या सह्या घ्यायच्या आणि पाच दिवसांच्या आत पालघरला पाठवायची. नाही पाठवली तर तो दिवस गैरहजेरीचा. कोरे नमुने त्यांच्याच खणात होते, वीस प्रती.

पहिल्या दिवशी त्यांनी ठरवलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वहिनींना भेटायला कोणी पत्रकार आला, म्हणून राहिलं. तिसऱ्या दिवशी मुलींनी वहिनींचा वाढदिवस केला. त्यांना स्वतःलाही तारीख माहीत नव्हती, मुलींनी एक ठरवून टाकली होती. त्या दिवशी हरिभाऊंनी खण उघडला, नमुन्यांची चळत पाहिली आणि खण लावून टाकला. किल्ली फिरवली. त्यानंतर त्यांनी ठरवणंच सोडलं. रोज संध्याकाळी लाल दिवा लागे. त्यांच्या छातीत लहानसं काहीतरी गोड हले. ते गोड असतं हेच फार वाईट, असं त्यांना रात्री अंथरुणावर वाटे. सकाळी पुन्हा तेच.

असे तेवीस दिवस गेले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पालघरहून पत्र आलं. मुख्य प्रशिक्षक सतत गैरहजर असल्याचं नोंदींवरून दिसत आहे. आठ दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास प्रशिक्षक बदलण्यात येईल, दुसरा हप्ता रोखण्यात येईल आणि तुकडी अपूर्ण समजण्यात येईल.

जीना पत्र वाचून रडायलाच लागली. "काका, माझी पहिलीच नोकरी हो! आणि तुकडी अपूर्ण म्हणजे? पोरींना सर्टिफिकेट नाही?"

"तसाच अर्थ होतो," हरिभाऊ म्हणाले.

उन्नती दारात उभी होती. हातातली वही तिने पिशवीत घातली, परत काढली, परत घातली.

एकतीस मार्च तोंडावर असताना रोखलेला पैसा पुन्हा मिळत नाही, तो सरळ परत जातो, हे हरिभाऊंइतकं त्या हॉलमध्ये कोणालाच कळत नव्हतं. अकरा पानी प्रस्तावात त्यांनीच ते लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी ते ओटीवर बसले होते. समोर वहिनी वाडीतल्या बावखलाच्या, त्या लहानशा तळ्याच्या, पायरीवर बसून काहीतरी घासत होत्या. भांडं असेल असं त्यांना वाटलं. पण भांडं नव्हतं. नारळाच्या काथ्याने त्या आपला अंगठा घासत होत्या. शेजारी कापलेलं लिंबू, राख आणि खोबरेल तेलाची वाटी. हरिभाऊ उठून वाट ओलांडून गेले.

"वहिनी, हे काय?"

"यंत्राला आवडेना हा. म्हटलं, उजळून बघू." त्यांनी अंगठा वर धरला. काळा तसाच होता. कडेने मात्र कातडी निघून लालभडक झाली होती. "लग्नाच्या आधीपासून बसलाय, आता कसला जातो! जीना सांगत होती, माझ्यापायी पोरींचं अडलंय. हरिभाऊ, तुम्ही ऑफिसात होता. दुसऱ्या कोणाचा अंगठा लावला तर चालतो का हो? सुनंदाताईंचा? त्यांचा गोरा आहे."

"नाही चालत."

"तेच म्हटलं. चोरीच ती." आणि त्यांनी पुन्हा काथ्या उचलला.

"घासू नका," हरिभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "अजिबात घासू नका. मी बघतो."

'मी बघतो' हे शब्द ते चौतीस वर्षांत कोणालाही म्हणाले नव्हते.

रात्री त्यांनी वीस नमुने काढले, तीन हाताने आखले. तेवीस दिवस भरले. सकाळी मुलींच्या सह्या घेतल्या. मागच्या तारखा टाकल्या असत्या तर कोणाला कळलं नसतं, पण ते त्यांच्या हातून होण्यासारखं नव्हतं. आजची तारीख टाकली की विलंबाचा खुलासा जोडावा लागणार होता, आणि खुलाशात एक रकाना होता: विलंबास जबाबदार व्यक्ती. जीनाचं नाव लिहिता आलं असतं, ती नवी होती. यंत्राचंही लिहिता आलं असतं. हरिभाऊंनी बराच वेळ पेन धरून ठेवलं. मग लिहिलं: 'नियम व नमुने दोन्ही माझ्याजवळ होते. मी हेतुपुरस्सर पाठवले नाहीत. प्रशिक्षक एकही दिवस गैरहजर नव्हत्या. मी रोज समोर बसून पाहत होतो.' खाली सही.

कागद ते स्वतः पालघरला घेऊन गेले. विनिताबाईंनी खुलासा वाचला, त्यांच्याकडे पाहिलं, परत वाचला.

"हेतुपुरस्सर कशाला लिहिलंत? अनवधानाने लिहा ना. मी नवा कागद देते."

"नको."

"पण का नाही पाठवलेत?"

हरिभाऊंनी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर पाहिलं. "त्याला रकाना नाही," ते म्हणाले.

हजेरी मंजूर झाली. हप्ता सव्वीस मार्चला जमा झाला. एप्रिलमध्ये तुकडी पुरी झाली आणि पंचवीस मुलींना प्रमाणपत्रं मिळाली. उन्नतीने आपलं प्रमाणपत्र जयवंतीबाईंच्या पायाशी ठेवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "उचल ते. चीक लागेल." हे हरिभाऊंना सुनंदाताईंनी सांगितलं, कारण हरिभाऊ तिथे नव्हते. नोंदवह्यांचं काम त्यांच्याकडून काढून घेण्यात यावं अशी एक ओळ पालघरहून आली होती. किल्ली त्यांनी त्याच दिवशी जीनाला परत दिली होती. टाळ्यांचा आवाज ओटीपर्यंत आला. त्यांना वाटलं होतं, एवढं केल्यावर तरी मनातलं कडू निघून जाईल. गेलं नाही. टाळ्या बराच वेळ चालल्या, आणि त्यांनी त्या मोजल्यासारख्या ऐकल्या.

चार दिवसांनी वहिनी वाट ओलांडून आल्या. सुक्या पानात बांधलेली सुकेळी त्यांनी ओटीवर ठेवली.

"जीना म्हणाली, तुम्ही सगळी चूक आपल्या अंगावर घेतलीत. पोरीची नोकरी राखलीत."

"घेतली नाही, वहिनी. होती."

"बरं, होती." त्या हसल्या. "तुम्ही ऑफिसवाले! चांगलं केलं तरी खुलासा देता."

हरिभाऊंनी तोंड उघडलं. सांगावं, त्या खणाचं, त्या किल्लीचं, लाल दिवा लागला की काय वाटायचं त्याचं. पण त्या तोवर वळल्या होत्या. आपल्याविषयी कोणी वाईट करू शकतं असा संशयच या बाईला येत नाही, आणि आपल्याला मात्र साधा नमस्कार केला तरी त्यामागचं कारण शोधावंसं वाटतं. त्या क्षणी शाल, नारळ, फोटो, मुली सगळं एकीकडे राहिलं आणि हरिभाऊंना सगळ्यांत जास्त हेवा वाटला तो याचा. सुकेळं मात्र त्यांनी खाल्लं. मऊ होतं, आणि फार गोड.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये अर्थसंकल्प आला. हरिभाऊ पेन्सिल घेऊन बसले. जयवंतीबाई समोर तट्टे झटकत होत्या. दम लागतो म्हणून मधून मधून थांबत होत्या, पण तसं तर त्या वयात सगळेच थांबतात. त्यानंतर तिसऱ्या दिवशी पहाटे त्या झोपेतच गेल्या. पण त्या अर्थसंकल्पाच्या सकाळी हे कोणाला माहीत असणार?

हरिभाऊंनी ओटीवरूनच हाक मारली. "वहिनी, तरतूद वाढवलीय यंदा. दुसरी तुकडी होईल तुमची."

"किती पोरी?"

"तीस तरी."

"मग तट्टे कमी पडतील."

"माझ्या माळ्यावर दोन आहेत. देतो."

"उंदराने खाल्लेले नकोत हो."

"नाहीत खाल्लेले."

"बघून द्या."

"बघून देतो."